‘शब्दांचा परिणाम फक्त ७ टक्के’? मुळीच नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर आणि संवादकौशल्याच्या शिबिरांत एक आकडा वर्षानुवर्षं फिरतोय : ऐकणाऱ्यावर होणाऱ्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५. तेव्हा काय बोलता ते सोडा, कसं बोलता ते बघा. हे चूक तर आहेच, पण त्याने माणसं शब्दांबाबत बेफिकीर होतात, याचा मला जास्त राग आहे.

म्हणे, संशोधनाने सिद्ध झालंय. आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ सालच्या दोन प्रयोगांमधून जुळवलेले. त्यांत लोकांना सुटे शब्द ऐकवले होते. एका प्रयोगात तर एकच शब्द, ‘मेबी’, वेगवेगळ्या सुरांत, सोबत चेहऱ्यांचे फोटो. ओळखायचं एवढंच, की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. नुसत्या ‘कदाचित’मधून आवडनिवड कशी कळणार? ती सुरात आणि चेहऱ्यावरच शोधावी लागणार. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे समीकरण लागू नाही, असं खुद्द मेहराबियननी सांगितलंय. तेवढं वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

म्हणे, कसं बोललात तेच पोचतं. माझ्या मावशीच्या तपासणीचा रिपोर्ट फोनवर कळला. पलीकडचा आवाज अनोळखी, अगदी सपाट : “गाठ साधी आहे.” मावशी ओट्याला टेकली, तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. त्याच सपाट आवाजात ‘आहे’च्या जागी ‘नाही’ आलं असतं तर? फोनवर देहबोली दिसतच नव्हती. मग ते ५५ टक्के गेले कुठे?

म्हणे, शब्द नुसते माहिती पोचवतात, परिणाम बाकीच्या गोष्टी करतात. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत दाखवलं, की बोलणं हीच एक कृती असते. ‘बघून घेईन’ हे उच्चारणं एक, त्यातून धमकी देणं दुसरं, आणि ऐकणारा घाबरणं तिसरं. तो घाबरला नाही तरी धमकी दिलेली असतेच. आपण मराठीत शब्द देतो, शब्द टाकतो, शब्द मोडतो. दिलेला शब्द मोडला, की समोरचा तोच काढून दाखवतो; त्या वेळी तुम्ही किती हसून बोलला होतात, हे त्याच्या हिशेबात नसतं.

आणि टक्के पाडायचे तरी कसे? ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला, हे संस्कृत काव्यशास्त्रातलं गाजलेलं उदाहरण. मम्मट या काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात त्याचे अर्थ मोजून दाखवले : गुराख्याला ते ‘गुरं घरी आणा’, मजुराला ‘काम थांबवा’, दुकानदाराला ‘माल आवरा’. वाक्य एक, परिणाम ऐकणाऱ्यागणिक वेगळा. हा फरक परिस्थितीचा, आणि त्या टक्केवारीत परिस्थितीला रकानाच नाही.

सुराने अर्थ फिरतो, हे मला पूर्ण मान्य आहे. सासू खवचटपणे ‘छान!’ म्हणाली तर सुनेला टोचतंच. पण टोचतं ते ‘छान’चा अर्थ चांगला आहे म्हणून. त्याच सुरात ‘वाईट’ म्हणा, टोमणा उरतच नाही.