हाफ तिकीट

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या सातारा–कराड गाडीतल्या पुरुषांना ही तारीख अजून टोचते. खिडकीतून रुमाल टाकून मी जागा धरली की मागून कुणीतरी म्हणतंच, "हाफ तिकिटात फुल सीट!" परवा हे म्हणणारे आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे होते. म्हणजे त्यांचं तिकीट शून्य. पण वयाचा मान ठेवावा म्हणून मी गप्प बसले आणि मांडीवर मेथीची पिशवी उघडली.

मी कराडला एका बँकेत क्लार्क आहे. जाताना-येताना मिळून शंभर-एक किलोमीटर होतात आणि हायवेचं काम चालू असल्यानं त्याला किती वेळ लागेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. हे बरंच आहे. गाडी सर्व्हिस रोडला अडकली की भाजी निवडून होते. नागठाण्यापर्यंत पानं खुडायची, अतीत-काशीळला देठ वेगळे करायचे, उंब्रज आलं की जुडी संपली पाहिजे. आमच्या बाकावरच्या एक शिक्षिका लसूण सोलतात. वास सगळ्या गाडीला आणि पाकळ्या त्यांच्या डब्यात. तलाठी ऑफिसातल्या ताई गवारीच्या शिरा काढतात. अर्ध्या तिकिटात फिरतं स्वयंपाकघर चालवतो आम्ही, आणि वर पुन्हा ऐकून घेतो.

तर गेल्या महिन्यात मी अधिकारीपदाच्या बढतीचा फॉर्म भरला. चोरी केल्यासारखा भरला, पण भरला. बातमी फुटली आणि यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या वाड्यात विचारणा सुरू झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, बदली झाली तर? स्वयंपाकाचं काय?" मावशींचा फोन आला, "पोराचं दहावीचं वर्ष गं!" परीक्षा पोराची, नापास होण्याची भीती मला. आमचे मॅनेजर तसे सज्जन. खुर्ची पुढे ओढून अगदी मायेनं म्हणाले, "मॅडम, जमेल ना? घरी कोण असतं?"

मागच्या वर्षी आमच्या ह्यांना बढती मिळाली, तेव्हा घरी एक किलो कंदी पेढे आले. काकूंनी दोन खाल्ले, एक पदराला बांधून नेला. "आता घरचं कसं व्हायचं?" असं ह्यांना कुणीही विचारलं नाही. त्यात चूक कुणाची नाही म्हणा. हे घरी असले तरी घराला फारसा पत्ता लागत नाही.

परवा पेपरात केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे आले होते. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मी मुद्दाम चहाबरोबर वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा वर केला. "अठ्ठ्याऐंशी? माझी कुठे एवढी होतात?" मग जरा विचार करून खूश झाले. "म्हणजे माझ्या वाटचं दुसरं कुणीतरी करतंय बघ."

सासूबाई जपमाळ ओढत होत्या. मणी न थांबवता म्हणाल्या, "ते दुसरं कुणीतरी तुझ्यासमोर बसलंय."

मी सासूबाईंकडे बघतच राहिले. लग्न झाल्यापासून 'आमच्या वेळी असं नव्हतं' याशिवाय त्यांच्याकडून दुसरं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

बँकेतला महिलादिनही सांगायलाच हवा. ८ मार्चचा कार्यक्रम ठेवला संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे आमच्या गाडीच्या वेळेला. कार्यक्रम महिलांचा, म्हणून रांगोळी महिलांनी काढायची, हार महिलांनी आणायचे, समोसे महिलांनी मोजायचे. भाषण तेवढं साहेबांचं. साहेब म्हणाले, "सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात! तुम्ही सगळ्या सावित्रीच्या लेकी!" टाळ्या झाल्या. प्रत्येक लेकीला एक गुलाब मिळाला. साडेसातच्या गाडीत उभ्यानं येताना माझा गुलाब एका कॉलेजच्या पोराच्या सॅकखाली चेंगरला, आणि तोच मला म्हणाला, "काकू, जरा सरका."

असो. बढतीची मुलाखत बुधवारी होती. आदल्या रात्री ह्यांनी जाहीर केलं, "उद्यापासून दर बुधवारी स्वयंपाक माझा. मग बघू कोण विचारतंय ते." जाहीर करताना आवाज असा लावला होता की खाली काकूंपर्यंत जावा. सकाळी पाणी भरून, पोराचा डबा भरून मी निघाले तेव्हा काकू जिन्यात उभ्याच. "नशीब काढलंस हो, असा नवरा मिळाला!" ह्यांनी अजून गॅसही पेटवला नव्हता.

मुलाखत बरी झाली. तिथेही प्रश्न आलाच, "घरच्यांची संमती आहे ना?" मी म्हटलं, "आहे. माझ्या शेजारी बसलेल्या सरांनाही विचारलंत का?" पॅनेलमधल्या एकुलत्या एक बाईंनी फाइलमध्ये तोंड घालून हसू लपवलं. निकाल यायचाय.

परतीच्या गाडीत पहिल्यांदाच माझी मांडी रिकामी होती. हातांना काय करावं सुचेना. उंब्रज गेलं आणि फोन वाजला. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला, तिथंच चुकलं.

"अगं, कोरेगावचा वाघ्या घेवडा आणलाय. कुकरला शिट्ट्या किती?"

मी तोंड उघडायच्या आत लसूणवाल्या बाई म्हणाल्या, "पाच!" मागून कुणीतरी ओरडलं, "पाचात काय होतंय? सात घ्या!" तलाठी ऑफिसच्या ताईंनी बारीक गॅस करायला सांगितलं. शून्य तिकीटवाले आजोबासुद्धा मान वळवून ऐकत होते. कंडक्टर तिकिटाचं मशीन बंद करून माझ्या बाकाशी आला, फोनकडे वाकला आणि म्हणाला, "साहेब, शिट्ट्यांचं नंतर. रात्री भिजत घातला होता का?"

फोनवर बराच वेळ नुसती कुकरची सुरसुर ऐकू येत होती.

"भिजवायचा असतो?"