बसा ना, बसा!

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरला आणि म्हणाले, "ही गॅप बघा." मी बघितली. गॅप नव्हतीच, आणि तेच ते दाखवत होते. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चा, दोन हाडांमधली गादी, झिजलेली. तिला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे ती पुन्हा भरून येत नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. "वजन उतरवा. एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी उतरतो." बायकोनं लगेच उलटा हिशेब मांडला : रिटायर झाल्यापासून वाढलेले ११ गुणिले ४. म्हणजे मी दर पावलाला गव्हाचं जवळजवळ अख्खं पोतं उचलत होतो, आणि तरीही घरात कामाचा नाही म्हणून प्रसिद्ध होतो.

व्यायामाचं फारसं काही नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबायची, बस. वैताग काठीचा. दुखतो उजवा गुडघा, पण काठी डाव्या हातात धरायची, असं फिजिओथेरपिस्टनं बजावलंय. नाक्यापर्यंत जाताना निदान तीन भले गृहस्थ मला थांबवून हात बदलायला लावतात. मी बदलतो, वळणापर्यंत जातो आणि परत बदलतो.

पण खरी गोची पथ्याची. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. आता आपल्याकडे महत्त्वाचं जे जे काही होतं ते जमिनीवरच होतं. पूजा पाटावर, भजन सतरंजीवर, पत्ते चटईवर. आणि कुणाच्या घरी गेलं की पहिला शब्द, "बसा ना, बसा!" बसेन हो. उठवणार कोण?

गेल्या गणपतीत कुडाळजवळ आमच्या गावी गेलो. पुतण्यानं माझ्यासाठी मुद्दाम कमोड बसवून घेतला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो गणपतीच्या आधी दाखवत होता. पंगतीत मला प्लॅस्टिकची खुर्ची आणि समोर स्टूल. स्टुलावर केळीचं पान मावेना. शेंडा एका बाजूला लोंबत राहिला आणि सोलकढी त्या उतारानं थेट माझ्या लेंग्यावर आली. खालच्या ओळीतल्या एका नातवानं मान वर करून विचारलं, "आजोबा, तुम्ही अंपायर आहात?"

त्या अपमानाच्या भरात संध्याकाळी आरती संपल्यावर मी साष्टांग नमस्कार घातला. जाताना झकास गेलो. नाक कोब्याला टेकलं आणि मग लक्षात आलं, की उठायचं तर आधी गुडघ्यावर यावं लागतं. उजव्यावर जरा भार टाकला, तर डोळ्यांपुढे समयांच्या दोनाच्या आठ वाती झाल्या. पुन्हा आडवा झालो. नाकासमोरून एक मुंगी पंचखाद्यातला खोबऱ्याचा कीस ओढत निघाली होती. सहा पाय, आणि सगळे चालू!

तेवढ्यात आबाकाकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. आबाकाकांचं गाऱ्हाणं म्हणजे मूळपुरुषापासून मुंबईतल्या शेवटच्या भाडेकरूपर्यंत.

"जी काय इडापीडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अरे, उचला रे," मी म्हटलं. ते त्या गजरात बुडालं. मग "आई गं" म्हटलं, तर मागून कुणाचा तरी गहिवरलेला हुंकार आला. बायको तेवढी ओळखेल म्हणून मान वळवून पाहिलं. ती डोळे मिटून हात जोडून उभी होती.

"आणि जो जसो इलो, तसो सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

यावर सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा" माझा होता, जमिनीवरून.

शेवटी दोन पुतण्यांनी काखेत हात घालून उभा केला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "भावजी, केवढा वेळ देवाला धरून होतात! आमच्यानं नाही हो होत." खरं सांगायला तोंड उघडलं, पण आबाकाका सगळ्या पोरांना माझं उदाहरण देत होते. गप्प बसलो. रात्री त्याच वहिनींनी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून दिला. तो मी दार लावून बांधला.

दुसऱ्या दिवशी आरतीला माणसांनी माजघर गच्च भरलं होतं, मागची पोरं तर उंबऱ्यावर उभी होती. फक्त मखरासमोरची जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. सहा फूट, आडवी.