जरा फोन धरता का?

२०२४ च्या ८ एप्रिलला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं, आणि ओहायोतल्या वापाकोनेटा नावाच्या गावात ते जवळजवळ चार मिनिटं टिकलं. त्यातला बराचसा वेळ मी एका अनोळखी काकांचा फोन धरून उभी होते. कुणी ‘कसं होतं ग्रहण?’ विचारलं की मी ‘छान’ म्हणते. खात्रीनं एवढंच सांगू शकते की फोनचं कव्हर मरून रंगाचं होतं आणि त्याच्या कप्प्यात एसटीचं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड होतं.

आम्ही राहतो सिनसिनाटीला. सावलीचा पट्टा आमच्या शहराला जेमतेम चुकवून पलीकडून गेला. आमच्याकडे नव्व्याण्णव टक्के ग्रहण, आणि हाच आकडा सगळ्या कटकटीचं मूळ. ‘‘नव्व्याण्णव मार्क मिळालेत,’’ नवरा म्हणाला, ‘‘राहिलेल्या एका मार्कासाठी शंभर मैल गाडी कोण हाकणार?’’ मी त्याला शांतपणे सांगितलं, की सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या चार लाख पट तेजस्वी असतो. म्हणजे नुसता एक टक्का उरला तरी चार हजार पौर्णिमांचा उजेड पडणार. अंधार नाही, तारे नाहीत, प्रभामंडळ नाही. नुसतं जरा ढगाळल्यासारखं. त्यावर तो म्हणाला, ‘‘चार हजार पौर्णिमा म्हणजे भरपूर झाल्या की!’’

सासूबाईंचा प्रश्न निराळा होता. त्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, त्यामुळे चक्का आदल्या रात्रीच टांगलेला. सांगलीच्या गुरुजींनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की हे ग्रहण भारतात दिसणार नाही, सबब पाळायचं नाही. ‘‘पण मी भारतात नाहीये ना,’’ सासूबाई म्हणाल्या, आणि याला गुरुजींकडे उत्तर नव्हतं. शेवटी चक्क्यावर तुळशीचं पान ठेवून, घरातले पडदे ओढून त्या जपाला बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, ‘‘तुम्ही जा खुशाल. आल्यावर आधी आंघोळी करायच्या, मग फ्रिजला हात लावायचा.’’ मला तर तोडगा फारच सुटसुटीत वाटला.

वापाकोनेटा मी हट्टानं निवडलं होतं. नील आर्मस्ट्राँगचा जन्म तिथला, १९३० सालचा. हायवेवरून दिसेल असं त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, पांढऱ्या घुमटाचं. चंद्राची सावली जाऊन जाऊन पडणार ती चंद्रावर पहिलं पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या गावावर! मी गाडीत हे दोनदा सांगितलं. मुलानं कानातली बोंडं काढली नाहीत. मग मी आर्मस्ट्राँगची अंगठ्याची गोष्ट सांगितली: त्यानं तिकडून एक डोळा मिटून अंगठा पुढे धरला, तर अख्खी पृथ्वी त्याच्यामागे झाकली गेली, आणि आपण फार मोठे आहोत असं न वाटता उलट फार लहान वाटलं. ‘‘आई, आपण एक्झिट चुकवली,’’ मुलगा म्हणाला.

गावाबाहेरच्या एका शेतात दोऱ्या बांधून पार्किंग केलं होतं, त्याचे पैसे दिले (सांगत नाही किती, नवरा अजून सांगतोय), खुर्च्या उघडल्या आणि पोह्यांचा डबा काढला. पोह्यांचा डबा काढला हेच झालं. खोबऱ्या-कोथिंबिरीचा वास ओहायोच्या वाऱ्यावर स्वार होऊन चार गाड्या ओलांडून गेला असणार, कारण दोनच मिनिटांत पाठीमागून आवाज आला, ‘‘मराठी का?’’

काका. पासष्टी ओलांडलेले, पायांत पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज, अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, काखेत मोठा खाकी लिफाफा. मुलगा-सून डेटनजवळ राहतात, हे देवगडचे. पोहे घेतले, ‘लिंबू नाही का?’ विचारलं, नवऱ्याची खुर्ची घेतली आणि लिफाफा उघडला. आत एक्स-रे होता. स्वतःच्या छातीचा.

‘‘ग्रहणासाठी जपून ठेवलेला,’’ ते म्हणाले. ‘‘तिकडनं आणलाय. इथे एक्स-रे काढायला किती घेतात माहितीये ना?’’ आणि बरगड्यांचा पिंजरा सूर्यासमोर धरून वर बघू लागले.

माझ्या मुलाच्या कानातली बोंडं आयुष्यात पहिल्यांदा आपणहून बाहेर आली. एक्स-रेची फिल्म उजेड कमी करते, पण डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण सरळ आत जातात आणि पडदा जळतो तरी दुखत नाही, हे त्यानं काकांना अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी समजावलं. मी आमचा ग्रहण बघायचा जादा चष्मा दिला. काकांनी तो उलटसुलट केला. ‘‘पुठ्ठ्याचा आहे,’’ ते म्हणाले. तरी लावला. मग मात्र जो लावला तो लावला. त्याची कथा पुढे.

दोन वाजायच्या जरा आधी चंद्रानं सूर्याचा पहिला लचका तोडला, आणि तिथून सव्वा तास काका बोलत होते. मला बोलक्या माणसांचं वावडं नाही. माहेरी आमच्याकडे सगळेच बोलतात, फक्त एकाच वेळी बोलतात, त्यामुळे ऐकावं लागत नाही. काकांचं ऐकावं लागत होतं, कारण ते मधेमधे प्रश्न विचारून तपासत होते.

‘‘हेलियम कुठे सापडला?’’

‘‘सूर्यावर,’’ मुलगा म्हणाला.

‘‘विजयदुर्गावर!’’ काका गरजले. ‘‘१८६८ साली! लॉकियर साहेब आमच्या किल्ल्यावर दुर्बीण लावून उभा होता. साहेबाचे ओटे आहेत अजून. या कधी, दाखवतो.’’

आता हा विषय नेमका माझ्या वाचनातला. १८६८ च्या ऑगस्टातल्या त्या खग्रासाची सावली आपल्या किनाऱ्यावरून गेली हे खरं. पण तेव्हा जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ दुर्बीण घेऊन बसला होता गुंटूरला, आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, आपल्या इंग्लंडात. विजयदुर्गावर तो आला हेही खरं आहे, पण १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेजातले नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तंबू ठोकून बसले होते, ज्यांचं नाव कुणी घेत नाही कारण जेऊरला किल्ला नाही. आणि तोवर रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञानं हेलियम पृथ्वीवर, बाटलीत धरून दाखवलेला होता. एवढं सगळं माझ्या ओठांवर आलं. ‘‘पण काका, लॉकियर त्या साली—’’ एवढंच बाहेर पडलं.

‘‘तुम्ही देवगडला आलायत का कधी?’’

‘‘नाही.’’

‘‘मग!’’

वाद संपला. शास्त्रीय वाद असे संपतात हे मी कॉलेजातही पाहिलं आहे.

मधेच त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती न सांगते तर मला हा लेख जास्त मोकळ्या मनानं लिहिता आला असता. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास अंकोल्याहून दिसलं होतं. काका तेव्हा विशी-बाविशीतले, मित्रांबरोबर ट्रकनं जायचं ठरलेलं. वडलांना कळलं. त्यांनी काकांना आणि थोरल्या भावाला माडीवर घालून बाहेरून कडी लावली, ती संध्याकाळीच काढली. ‘‘कौलाच्या फटीतनं उन्हाचा कवडसा पडायचा ना, तो जमिनीवर चंद्रकोरीसारखा झाला होता,’’ काका म्हणाले. ‘‘तेवढंच बघितलं.’’ २००९ ला सुरतेला गेले तर वर पावसाळी ढग.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटायला माझी हरकत नसते. तीन वाजून आठ मिनिटांनी वाटायला असते.

कारण तीन वाजून आठ मिनिटांनी हवा गार झाली, उन्हाला तो विचित्र जस्ताचा रंग आला, कुत्री गप्प झाली, आणि काका फोन माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘जरा धरता का? माझा हात हलतो. व्हिडीओ कॉल आहे. भावाला दाखवायचंय.’’

शेतात शेकडो माणसं होती. त्यांचा स्वतःचा मुलगा होता, तो कॅमेऱ्याला फिल्टर लावत होता आणि ‘बाबा, डोन्ट टच द ट्रायपॉड’ म्हणत होता. माझा नवरा मोकळ्या हातांनी उभा होता. पण फोन, पर्स, बाळ, अर्धवट प्यायलेला चहा, नारळ आणि लग्नात नवरीचा हार ही सगळी जगातल्या कुठल्याही गर्दीत जवळच्या मराठी बाईकडेच द्यायची असतात. पुरुषाकडे दिली तर तो कुठे ठेवू विचारतो.

फोनमधे देवगड. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले, पाडवा लागलेला, खोलीभर माणसं जागी, आणि सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे.

‘‘ही बाई खयची?’’ एक बाई म्हणाली.

पुढचा कॅमेरा चालू होता. माझ्या डोक्यावर शतकातली सुंदर गोष्ट घडत होती आणि देवगड माझ्या नाकपुड्या बघत होतं.

‘‘ग्रहण खय आसा?’’ दुसरा आवाज.

तेवढ्यात शेतातून एकच आरोळी उठली. मी मान वर केली. काळं भोक, भोवती पांढऱ्या केसांसारखी पिंजारलेली प्रभा, खालच्या कडेला एक गुलाबी ठिणगी; ती ज्वाला, पृथ्वीपेक्षा मोठी. उजवीकडे खाली शुक्र. एवढं पाहिलं, आणि—

‘‘ताई, कॅमेरा फिरवा!’’

मी मान खाली घातली. अनोळखी फोनवर कॅमेरा फिरवायचं चिन्ह कुठे असतं? एक दाबलं, आवाज गेला. दुसरं दाबलं, माझ्या डोक्यावर मांजरीचे कान आले. देवगडात हशा पिकला. चौफेर क्षितिजावर सूर्यास्त होता म्हणे, सगळ्या दिशांना एकदम. मुलानं नंतर सांगितलं.

‘‘काय दिसता?’’ फोनमधे आवाज परत आला होता.

‘‘अजून लागायचंय!’’ काका ओरडले.

मी वळून पाहिलं. काकांनी चष्मा काढलाच नव्हता. त्या चष्म्यातून सूर्याखेरीज काही दिसत नाही, आणि खग्रासात नेमका सूर्यच नसतो. काका काळ्याकुट्ट पुठ्ठ्याआडून उभे होते आणि लोक कशाला बोंबलतायत म्हणून वैतागले होते.

‘‘काका, चष्मा काढा! आता काढायचा!’’

‘‘डोळे जातील! तुमच्या मुलानंच सांगितलं!’’

‘‘अहो, आता झाकलाय पूर्ण! काढा!’’

‘‘जेवलात काय?’’ फोनमधून काकू. रात्री पाऊण वाजता, चंद्राच्या सावलीतल्या माणसाला.

शेवटी माझ्या मुलानं पुढे होऊन काकांच्या नाकावरचा चष्मा ओढून काढला. काकांच्या तोंडून ‘‘आयशप्पत!’’ एवढं निघालं. त्यांना किती मिळालं कोण जाणे, अर्धं मिनिट असेल. मग कडेला एक हिरा पेटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि उजेड परत आला. माझ्या हातातलं देवगड विचारत होतं, ‘‘झाला?’’

माझा राग काकांवर आहे की नाही मला अजून ठरवता आलेलं नाही. पण राग आहे. ओहायोत यापूर्वीचं खग्रास १८०६ साली झालं होतं आणि यापुढचं २०९९ साली होणार आहे. अलास्का सोडलं तर अमेरिकेत पुढचं २०४४ ला, तेही मोंटानाकडे, जिथे माझं कुणी नाही. आणि ज्या भावासाठी हे सगळं, त्याला फोनमधून दिसलं काय असेल? अंधारात एक पांढरा ठिपका. टीव्हीवर त्याच वेळी थेट, स्वच्छ, मोठ्ठं दाखवत होते. पण आपल्या माणसाच्या हलत्या फोनमधून दिसलं तरच खरं. लग्नात अक्षता टाकायच्या हातात हल्ली फोन असतो, गणपतीच्या आरतीत टाळ्यांपेक्षा फोन जास्त, आणि हे सगळे व्हिडीओ पुन्हा कुणीही बघत नाही. फोन धरणारी तर नाहीच नाही. नवऱ्यानं मात्र पूर्ण पाहिलं. घरी येईपर्यंत तो ‘काय होतं ते, काय होतं ते’ म्हणत होता. नव्व्याण्णव मार्कवाला!

परतीचं नाव काढू नये. आय-पंचाहत्तर हायवेवर सगळं ओहायो दक्षिणेकडे निघालं होतं. सासूबाईंचा फोन आला: जप झाला, आंघोळ झाली, चक्का उत्तम उतरलाय, तुम्ही कुठे आहात? आम्ही दीड तासापूर्वी होतो तिथेच होतो. तेवढ्यात शेजारच्या रांगेतल्या गाडीची काच खाली झाली आणि मरून कव्हर बाहेर आलं.

‘‘ताई! पुतण्यानं सगळं रेकॉर्ड केलंय हो तिकडे!’’ काका हसत होते. ‘‘पण मधे तुमचा अंगठा आलाय!’’

‘‘कितीसा?’’ मी विचारलं.

‘‘पूर्ण!’’ काका म्हणाले. ‘‘सूर्यावरच!’’

मग त्यांची रांग हलली. आमची नाही.