शेवाळ पाळताना

मासे पाळायचे म्हणून टाकी आणली आणि महिन्याभरात कळलं, की मी पाळतोय शेवाळ. मासे त्याच्याकडे पोटभाडेकरू.

सुरुवातीला काचेवर तपकिरी साय धरली. हे म्हणे डायटम. जीव एका पेशीचा, पण कवच सिलिकाचं, म्हणजे काचेचंच. ती पुसली, तर हिरवं आलं. हिरवं खरवडलं, तर दगडाला दाढी फुटली. जुन्या टूथब्रशने दाढी ओढली की निम्मी ब्रशला, निम्मी पाण्यात, आणि चार दिवसांनी ती निम्मी भलत्याच दगडावर रुजलेली. ‘रुजलेली’ म्हणणंही चूकच. शेवाळाला ना मूळ, ना खोड, ना पान. उपटणार काय, कपाळ?

“बाबा, तूच तर त्याला जेवायला घालतोस,” मुलगी म्हणाली.

खरं होतं. मासे उपाशी झोपतील या काळजीने मी रात्रीही एक चिमूट टाकायचो. उरलंसुरलं कुजायचं, माशांची घाण वेगळीच. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फेट, वर खिडकीतलं फुकटचं ऊन. सांडपाणी नि शेतातलं खत उतरून अख्खे तलाव हिरवे होतात, ते मी दोन फुटांत करून दाखवलं होतं!

मग इरेला पेटून शेवाळनाशक ओतलं. बाटलीवरचं माप वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला धीर. शेवाळ मेलं, एकजात सगळं. ते कुजवायला जिवाणू तुटून पडले आणि त्यांनी पाण्यातला प्राणवायू संपवला. पहाटे बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंड वासतायत. चार वाजता मी बादल्या वाहत होतो. मासे वाचले, कंबर मात्र अजून बोलते.

पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ निम्मा समुद्रातले डायटमसारखे सूक्ष्म जीव बनवतात, हे तेव्हा वाचलं. पटलं मात्र नंतर. दाढी पुन्हा उगवली होती, आणि दुपारच्या उन्हात तिच्या केसाकेसाला मोहरीहून बारीक बुडबुडा लटकलेला होता. एकेक सुटून वर जात होता. ब्रश हातात धरून मी बराच वेळ बघत बसलो.

आता तह झालाय. पुढची काच माझी, मागची शेवाळाची. टाकी खिडकीतून हलवली, रात्रीची चिमूट बंद. सकाळची टाकायला काल गेलो, तर मासे मागच्या काचेवर चरत होते. एकानेही वळून पाहिलं नाही.