बेटावर लाईट आहे का?

आठ गाणी निवडायला मी चार रात्री जागलो आणि बक्षीस गेलं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, ज्यांनी एकही गाणं सांगितलं नाही. हवाबंद डब्यांचा सेट होता, सहा नग. डब्यांचं मला काही नाही, आमच्याकडे डब्यांत डबे ठेवलेत. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

झालं काय, की यंदा सोसायटीच्या कमिटीत तरुण मंडळी आलीत, त्यांनी कोजागिरीची अंताक्षरी रद्द करून 'निर्जन बेट' असा खेळ ठेवला. मूळचा बीबीसी रेडिओचा कार्यक्रम. १९४२ साली, ऐन महायुद्धात, रॉय प्लॉमली नावाच्या गृहस्थाने सुरू केला. पाहुण्याला बेटावर एकटं सोडायचं, बरोबर आठ रेकॉर्डी, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू, जिचा जिवंत राहायला काडीचा उपयोग नसला पाहिजे. बायबल आणि शेक्सपिअर ते पदरचं देतात. आमच्या कमिटीने बायबलच्या जागी ज्ञानेश्वरी केली, शेक्सपिअरच्या जागी कोण ह्यावरून ग्रुपवर दोन दिवस हाणामारी झाली आणि शेवटी ती जागा रिकामी ठेवली.

माझ्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्या म्हणाल्या मला एकच पुरे, गीतरामायण. आता ते एक कसं? छप्पन गाणी आहेत, १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं ते वर्षभर दर आठवड्याला एक असं चाललं होतं. मी हे फक्त माहितीसाठी बोललो. काकू म्हणाल्या, "रामायण एकच आहे." कमिटीने मान्य केलं. दुधाचं पातेलं आणि डाव काकूंच्या ताब्यात होता, कोण बोलणार.

म्हणजे त्यांना छप्पन चालतात, आणि मी गवयांत कुमार गंधर्वांना ठेवू का वसंतराव देशपांड्यांना ह्या पेचात पहाटे तीनला स्वयंपाकघरात पाणी पीत उभा. किशोरीताईंना काढून परत घातलं, परत काढलं, मग भीमसेनजींच्या दोन चिजांपैकी एक खोडली आणि त्या रात्री खरंच झोप लागली नाही, घरातल्या कोणाचं तरी नाव रेशनकार्डावरून काढल्यासारखं वाटत होतं.

असो. माझी पाळी आली. कागद काढला, चष्मा लावला. पहिलं नाव गायिका केसरबाई केरकर. थोडी प्रस्तावना तयार ठेवली होती, की बाई मूळच्या गोव्यातल्या केरीच्या, १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड अवकाशात गेली, तिच्यात आपल्याकडची एकच चीज आहे आणि ती केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. यानं निघाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. इथे मी जरा थांबलो. हशा-टाळ्या नको होत्या, नुसता एक सुस्कारा चालला असता.

मागून आवाज आला, "एक मिनिट. बेटावर लाईट आहे का?"

काका विद्युत मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून रिटायर झालेत. कोणाची डोअरबेल बिघडली तरी आधी बिल्डिंगचं अर्थिंग तपासायला खाली जातात.

"काका, कल्पनेचा खेळ आहे हा."

"ते कळलं रे. पण वाजवणार कशावर?"

"प्लेअर असतो तिथे. गृहीत धरलाय."

"प्लेअर धरला, ठीक. सप्लाय?"

मी म्हटलं तोही धरा. तिथे चुकलो. सप्लाय ही धरायची गोष्ट नाही असं काकांनी ग्लास कठड्यावर ठेवून शांतपणे सांगितलं. "घारापुरी माहितीये ना? गेटवेवरून लाँचने तासाभराची वाट. तिथे लाईट कधी पोचली? २०१८. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकली तेव्हा. मुंबईच्या नाकासमोरच्या बेटाची ही गत, तर तुझं बेट मंडळाच्या कुठल्या सर्कलमध्ये येतं ते तरी सांग."

लोक हसायला लागले. माझ्या चिजेवर कोणी नुसतं हूं केलं नव्हतं, आणि केबलच्या लांबीवर हसले.

मी म्हटलं, बरं, चावीचा फोनो नेतो. वीज नको काही नको.

"सुई?"

"सुई काय?"

"स्टीलची सुई एका बाजूला एक लागते. आमच्या वडिलांकडे होता फोनो. आठ रेकॉर्डी, दोन बाजू, सोळा सुया. रोज एकदा म्हटलंस तरी वर्षाला पाच हजार आठशे चाळीस. खाऱ्या हवेने गंजतील त्या वेगळ्या." हे सगळं तोंडी, कॅल्क्युलेटर नाही. "तुझ्या त्या नासावाल्यांनी सुई दिली होती का रेकॉर्डबरोबर?"

दिली होती. सुई, कार्ट्रिज, आणि कसं वाजवायचं त्याची आकृतीसुद्धा कव्हरवर काढून दिली होती. मला खोटं बोलता आलं असतं, पण हे कागदावर मीच लिहून आणलं होतं आणि ते शेजारचा मुलगा वाचत होता.

"बघ," काका सगळ्यांकडे वळून म्हणाले. "कुठल्या परग्रहावरच्या माणसाची सोय केली त्यांनी. आणि ह्याने स्वतःची नाही केली." मग जरा हळहळून, "यान प्लुटोनियमवर चालतंय म्हणून निभावलं. तरी हल्ली पॉवर कमी पडते, एकेक उपकरण बंद करत आलेत. म्हणजे तिथेही लोडशेडिंगच."

कमिटीतल्या एका मुलाला माझी दया आली. म्हणाला अंकल, आपण ऐकूया ना डायरेक्ट, आणि त्याने ब्लूटूथ स्पीकर लावला. आधी पर्सनल लोनची जाहिरात झाली, पूर्ण, स्किप होत नव्हती. मग भैरवी लागली, पण खाली कोणीतरी ढुप ढुप ठेका घातलेली, झोप येण्यासाठी म्हणे. अकरा सेकंदांत स्पीकरची बॅटरी गेली. काका काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले, ते जास्त लागलं.

ह्या ॲपांचं मला खरंच कळत नाही. मूळ गाणं मागा, ते सोडून सगळं देतात. संगीतकाराच्या जागी कंपनीचं नाव, रागाचं नाव चुकीचं, आवडीच्या यादीत ठेवलेलं गाणं एक दिवस राखाडी होऊन पडतं आणि का ते विचारायला माणूस नाही. माळ्यावर माझ्या कॅसेटी आहेत, दोनशेच्या वर, निम्म्या पुण्यात कर्वे रोडला अलूरकरांच्या कॅसेटच्या दुकानात उभं राहून एकेक निवडून घेतलेल्या. तिथे गाणं नुसतं गुणगुणलं तरी चालायचं. त्या आता वाजत नाहीत, कारण डेकचा बेल्ट गेलाय, आणि जो बेल्ट बदलून द्यायचा त्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं मिळतात. पैसे तेव्हाही दिले, आता महिन्याला देतोय, आणि हातात काय, तर ढुप ढुप.

उरलेली सात नावं मी भराभर वाचून टाकली. दूध गार होत होतं, काकू डाव आपटत होत्या.

राहिली वस्तू. मी खिशातून आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याची किल्ली काढली. पितळी, वीतभर, आजोबांच्या कनवटीला असायची. उपयोग शून्य हवा ना, मग ह्याहून नियमात बसणारं काय असेल?

काकांनी हातात घेतली, वजन केलं. "कुलूप?"

"नाहीये."

"दार?"

"नाही."

"वाडा?"

"पाडला काका. बिल्डिंग झाली."

"मग ही किल्ली नाही," काका म्हणाले, "हे पितळ आहे."

गच्ची हसली. मीपण हसलो, न हसून सांगतो कोणाला. त्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि बिल्डिंगमध्ये आमचं काही नाही, का नाही ही मोठी गोष्ट आहे, त्यात दोन चुलते, एक सही आणि एक शेवटपर्यंत न आलेला चेक आहे, ती कोजागिरीला सांगायची नसते.

मग काकांनी कळस केला. म्हणाले, "तू खांदेरी बेटावर जा. अलिबागजवळ थळहून बोट मिळते. तिथे एक दगड आहे, ठोकला की धातूसारखा वाजतो. सप्लाय नको, सुई नको." टाळ्या. डबे.

रात्री लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. काकांनी सेटची पिशवी उघडली आणि सगळ्यात लहान डबा माझ्यापुढे धरला. "घे. किल्ली ठेवायला. हवाबंद आहे, गंजणार नाही."

पितळ गंजत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. डबा घेतला. किल्ली वीतभर आणि डबा चार बोटांचा, तिरकी घातली तरी झाकण लागत नाही.