मंजूर भार

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले आणि त्या दिवशी सकाळी दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीतून गेलेली वीज तीन आठवड्यांनी परत आली. या विलंबाबद्दल कोणाला बोल लावण्याची सोय नव्हती, कारण विजेचे खांब पोफळींच्या गळ्यात गळे घालून रस्त्यावर आडवे पडले होते आणि त्यांना सोडवणारी माणसे भर पावसात राबताना आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. १,९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाचे एक वीजगृह आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळी गावी आहे. वीज पोफळीला तयार होते आणि पोफळीखालीच गाडली जाते, एवढा एक विनोद मला त्या तीन आठवड्यांत सुचला आणि घरात तो कोणालाही आवडला नाही.

विनोद न आवडण्याचे कारण विहीर हे होते. विहिरीत पाणी होते, पण ते वीस हात खाली होते आणि वर आणणारा एक हॉर्सपॉवरचा पंप विजेअभावी ठप्प होता. पूर्वीचा रहाट आम्ही पंप बसवला त्याच वर्षी काढून टाकला होता आणि त्याचे चाक मुलाने पुण्यातल्या एका मित्राला शोभेची वस्तू म्हणून देऊन टाकले होते, त्यामुळे त्या चाकावर आता कोणाच्या तरी गॅलरीत मनीप्लांट चढत असताना आम्ही उघड्या दोराने कळशा ओढत होतो. चौथ्या दिवशी माझ्या दोन्ही तळहातांवर फोड आले. दहाव्या दिवशी घरात जनरेटर आणण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या घरातला तो शेवटचा एकमताचा ठराव.

पैशांची जुळवाजुळव हेच या कामातले कठीण प्रकरण असेल अशी माझी समजूत होती. जानेवारीत दुकानात जाऊन 'घरासाठी एक जनरेटर द्या' असे मी शेरभर तांदूळ मागावेत तशा सहजतेने म्हणालो, तेव्हा दुकानदाराने वर न पाहता विचारले, "किती केव्हीएचा?" केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचे माप; पण या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि ते नसल्याचे माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळले, ही गोष्ट पुढे मला फार महागात पडता पडता राहिली. घरी येऊन वीजबिल काढले, तर त्यावर मंजूर भार ३ किलोवॅट असा छापलेला होता. वीस वर्षे या बिलाची रक्कम तेवढी वाचून मी ते घडी घालत आलो होतो. आपल्या संसाराला कोणीतरी एवढा भार लेखी मंजूर करून ठेवलेला आहे, हे मला तेव्हा प्रथमच समजले.

तीन किलोवॅट म्हणजे तीन केव्हीए असे म्हणून मी मोकळा झालो असतो, पण आडवा आला मेव्हणा. वादळानंतर घाईघाईने त्याने हाताने उचलून नेता येईल असा दोन केव्हीएचा पेट्रोलचा जनरेटर घेतला होता. त्याच्यावर दिवे लागले, पंखे फिरले, टीव्ही चालला; पंपाचे बटण दाबताच मात्र पंपाने एक दीर्घ हुंकार दिला, दिवे मिणमिणले, जनरेटरचा आवाज घोगरा होत होत बसला आणि थोड्या वेळाने स्टार्टरच्या पेटीतून जळक्या कपॅसिटरचा वास आला. मेव्हण्याने हा प्रयोग तीनदा केला, कारण आमच्या सासुरवाडीत यंत्राला समज देऊन पाहण्याची परंपरा आहे. शिवाय हा गृहस्थ जनरेटरची वीज घरात घेण्यासाठी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसत असे. त्या वेळी मेन स्विच बंद करायचे राहिले, तर तीच वीज उलटी बाहेरच्या तारांवर जाते आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते, हे त्याला आमच्या वायरमनने ज्या शब्दांत सांगितले ते येथे लिहिता येत नाहीत. माझ्या मते ते शब्द योग्यच होते.

तेव्हा छोटा जनरेटर नको, हे ठरले. मग किती मोठा? टाळेबंदीत पुण्याहून घरी आलेला आणि अजून परत न गेलेला माझा मुलगा म्हणाला, "बाबा, हा अंदाजाचा विषय नाही, हिशेबाचा आहे," आणि त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला. पुढचा रविवार आम्ही घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पाठीमागे आणि पोटाखाली बॅटरी मारून वॅट शोधण्यात घालवला. ही पाटी कंपन्या नेमकी अशा जागी चिकटवतात की ती वाचायला माणसाला आडवे व्हावे लागते. फ्रिजमागे मला २०१४ सालचे एक हरवलेले चमचाळे सापडले. तक्त्यात आठ पंख्यांचे ६०० वॅट झाले, चौदा दिव्यांचे १२६, फ्रिजचे १५०, टीव्हीचे १००, पंपाचे १,१००, मिक्सरचे ७५०, गिझरचे २,०००, इस्त्रीचे १,०००, मुलाच्या खोलीतल्या जुन्या एसीचे १,६००, धुलाईयंत्राचे ४००, मायक्रोवेव्हचे १,२००, घरघंटीचे ९०० आणि वायफायचे बिचारे १०. बेरीज ९,९३६ वॅट. आई तेवढी माजघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणत होती, "मला काही नको हो. माझा जन्म कंदिलावर गेला."

केव्हीए आणि किलोवॅट यांतला फरक दुकानदाराने मला नंतर समजावला. घरगुती जनरेटरच्या केव्हीएला साधारण ०.८ ने गुणले की किलोवॅट मिळतात. म्हणजे पाच केव्हीएचा जनरेटर चारच किलोवॅटचे काम करतो. पगाराची रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांतला फरक ज्याने भोगला आहे त्याला हे समजायला अवघड नाही. आमच्या ९,९३६ वॅटना ०.८ ने भागले तर १२.४२ केव्हीए झाले आणि दुकानदार प्रसन्न मुद्रेने म्हणाला, "पंधराच घ्या. पुढे घर वाढेल." घरात मी, सौ., एकाहत्तरी ओलांडलेली आई आणि लग्नाचे नाव न काढणारा मुलगा एवढीच माणसे असताना घर कोणत्या दिशेने वाढेल, हे मी त्याला विचारायला हवे होते.

परंतु पंधराच्या मोहातून मला वायरमनने सोडवले. आमच्या खालच्या आळीत एका बागायतदाराने मोठेपणाच्या भरात पंचवीस केव्हीएचा डिझेल जनरेटर बसवला होता. त्याच्यावर चालत काय होते, तर चार पंखे, फ्रिज आणि काही दिवे. डिझेलच्या इंजिनाला पोटभर काम लागते. क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली ते तासन्‌तास चालवले तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळते, काजळी धरते आणि धुराड्याच्या सांध्यांतून काळे चिकट तेल ओघळू लागते. त्या बागायतदाराच्या मागच्या अंगणात ते ओघळ मी पाहिले आहेत. शेजारच्या आंब्याची पानेही एका बाजूने काळी झाली होती. वायरमन म्हणाला, "काका, हत्ती पाळून त्याच्याकडून तुळशीला पाणी घालून घ्यायचं, तसं झालंय हे. हत्ती आजारी पडतो."

हा वायरमन म्हणजे या सगळ्या प्रकरणातला एकमेव शहाणा माणूस. त्याने तक्ता पाहिला, लॅपटॉप बाजूला सारला आणि पिशवीतून विद्युतप्रवाह मोजणारा, काट्याचा जुना टाँग टेस्टर काढला. पंपाच्या एका वायरीभोवती त्याची कडी अडकवून तो मुलाला म्हणाला, "आता चालू कर, आणि काट्याकडे बघ." पंप सुरू झाला त्या क्षणी काटा पंचविसाच्या पुढे उडाला आणि आम्ही 'अरे' म्हणेपर्यंत खाली येऊन पाच अँपिअरवर मुकाट बसला. मोटर उभ्या जागेवरून फिरू लागताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते आणि वेग घेतल्यावर शांत होते, असे त्याचे शास्त्र आहे. मेव्हण्याचा जनरेटर त्या पहिल्या उडीत मेला होता. आमच्या तक्त्यात पंपासमोर १,१०० वॅट लिहिले होते, ते खोटे नव्हते. ते फक्त पहिल्या क्षणानंतरचे होते. पंप हा जावयासारखा असतो. येतानाचा थाट पाहून घरचे सगळे दबून जातात, पण पानावर बसल्यावर तो बिचारा दोन पोळ्यांत उठतो. पाहुणचाराची तयारी मात्र थाटाच्या मापाने ठेवावी लागते. फ्रिजही त्याच जातीचा, फरक इतकाच की तो कोणाला न विचारता दिवसातून कितीही वेळा येतो.

वायरमनचे दुसरे म्हणणे असे की, घरातली सगळी यंत्रे एकाच वेळी चालतात असे धरणे म्हणजे सगळे नातेवाईक एकाच दिवशी मुक्कामाला येतील म्हणून वाडा बांधणे. कोणते यंत्र जनरेटरवर येणार आणि कोणते नाही, हे आधी ठरवा. येथून पुढचे आठ दिवस आमच्या घरात जी चर्चा झाली तिला चर्चा म्हणणे हा सौजन्याचा भाग आहे. गिझर सर्वांत आधी गेला, कारण पडवीत तांब्याचा बंब आहे आणि बागेत झावळ्या आहेत. इस्त्री गेली. टाळेबंदीत कपड्यांच्या घड्या पाहणारे होते कोण? मायक्रोवेव्ह सौ.ने स्वतःहून सोडला आणि तो सोडताना मिक्सरबद्दल आपण काही ऐकून घेणार नाही असे अशा सुरात सांगितले की, तक्त्यातली ७५० वॅटची ओळ मुलाने तत्काळ ठळक केली. एसीसाठी मुलाने जोर लावला. कार्यालयाच्या बैठकीत घाम पुसत बोलणे शोभत नाही, असे त्याचे म्हणणे होते. बैठकीत कॅमेरा बंदच असतो, हे सौ.ने उघडकीस आणल्यावर एसीही गेला. धुलाईयंत्र मागच्या अंगणातल्या दगडापुढे टिकले नाही. राहिली घरघंटी. सौ.ने आईला विचारले, "काही दिवस गिरणीतून दळून आणलं तर चालेल ना?" आई म्हणाली, "मला काय विचारतेस? मला काही नको." आम्ही ते शब्दशः घेतले.

उरलेली बेरीज अशी झाली: पंप १,१००, मिक्सर ७५०, चार पंखे ३००, फ्रिज १५०, टीव्ही १००, दिवे ६०, वायफाय १०, आणि जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी भरायला ३००. एकूण २,७७० वॅट, म्हणजे साडेतीन केव्हीएच्या काठावर. वरचा थाट सांभाळायला पाच केव्हीए. रात्री जनरेटर बंद ठेवायचा आणि पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालवायचे. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास जनरेटर लावून त्यातच पाणी, वाटण आणि बॅटरी उरकायची, म्हणजे इंजिनालाही पोटभर काम मिळते. बिलावरच्या मंजूर भाराच्या आतच आमचा हिशेब बसला, हे पाहून मला बिल छापणाऱ्याविषयी आदर वाटला. दुकानदाराने पंधराचे पाच झाल्याचे ऐकून मला पाणीसुद्धा विचारले नाही.

जनरेटर आला. तो 'सायलेंट' होता, म्हणजे आवाज दाबणाऱ्या पत्र्याच्या पेटीत होता. या शब्दाचा नियमातला अर्थ एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत असा आहे आणि आमच्या घरातल्या कोणत्याही मतभेदाहून तो किंचित कमी भरतो. धूर घरात येऊ नये म्हणून त्याला जुन्या गोठ्यापलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, सिमेंटच्या ओट्यावर बसवले. मेनच्या शेजारी चेंजओव्हर स्विच लागला, त्यामुळे एका वेळी बाहेरची किंवा आतली, एकच वीज घरात येते. वायरमनने एका पुठ्ठ्यावर खडूने क्रम लिहून तो स्विचखाली टांगला: आधी पंप एकटा, मग फ्रिज, मग बाकीचे, मिक्सर पंप बंद झाल्यावर.

परीक्षेचा दिवस १६ मे २०२१ हा उजाडला. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे निघाले होते, बाहेर माड धनुष्यासारखे वाकत होते आणि सकाळीच वीज गेली. संध्याकाळी वारा उतरल्यावर मी छत्री घेऊन गोठ्यामागे गेलो, जनरेटर सुरू केला आणि पुठ्ठ्याबरहुकूम आधी पंप लावला. इंजिन क्षणभर गुरगुरले, मग सावरले आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. एवढा सुंदर आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. पाठोपाठ फ्रिज लागला, पंखे फिरू लागले. तासाभरात वाडीतली माणसे तोंडाला फडकी बांधून पडवीत येऊ लागली. एक्स्टेन्शन बोर्डावर नऊ मोबाइल लटकले. शेजारच्या काकू आंबोळ्यांसाठी भिजवलेले डाळ-तांदूळ पातेल्यासकट घेऊन आल्या आणि मिक्सरची वेळ विचारू लागल्या. मुलाने लॅपटॉपवर 'शेजार' अशी नवी ओळ उघडली आणि मला विचारले, "बाबा, यांचे किती धरायचे?"

मी आकडा सांगणार, इतक्यात इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. दिवे तांबूस झाले, पंखे मंदावले, पडवीतल्या सगळ्यांनी श्वास रोखले, काकूंनी पातेले छातीशी धरले. साडेतीनऐवजी पाचचा घेतला होता म्हणून असेल, पण दोन-तीन सेकंदांत जनरेटरने दम धरला आणि दिवे पुन्हा उजळले. विहिरीवर पंप चालूच होता. माजघरातून मिक्सरच्या प्लगला लावलेल्या घरघंटीचा भरडा सूर येऊ लागला होता आणि त्याच्यावरून आईचा आवाज आला, "तो पंप बंद करा रे जरा, भाजणी अर्धी राहिली आहे."

मुलगा उठला आणि पंप बंद करून आला.