धडधडीची गोळी नसते, भाऊ

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. "भाऊ, धडधडीची एखादी गोळी द्या" हे वाक्य कायम कानावर पडतं. मागणारी बहुतेक वेळा बाई असते आणि सोबतचा माणूस परस्पर निदान करून मोकळा होतो, "टेन्शन घेती लई." पुरुषाला तेच झालं की त्याला मात्र गॅस झालेला असतो. टेन्शननं धडधडतं, खोटं नाही. पण हे तपासण्या झाल्यावर शेवटी म्हणायचं असतं.

आपल्याकडं बायकांच्या धडधडीमागं अंगात रक्त कमी असणं हे मोठं कारण. ऊसतोडीहून परतलेली एक ताई आली होती. म्हणे, हंडा घेऊन चार पावलं चाललं की काळीज गळ्याशी येतं. पापणी खाली ओढायला लावली तर आत पांढरीफटक. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन निघालं 6. बाईचं निदान 12 तरी पाहिजे. रक्तच कमी, मग हृदय जास्त ठोके मारून काम भागवतं. तिला ठोके दाबायची गोळी देऊन काय साधलं असतं? त्यातली प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाला दिली तर श्वासच अडकू शकतो. शेजारणीची गोळी मागून खाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बाकी कारणं पुष्कळ. वाढलेलं थायरॉईड, जुलाब-उलट्यांनी घटलेलं पोटॅशियम, मे महिन्यातल्या उन्हात आटलेलं अंगातलं पाणी, शुगरची गोळी खाऊन धरलेला उपास, दम्याचा पंप, वरचेवर चहा, तंबाखू, गुटखा. (गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. हे वाक्य आमच्या स्टँडवर उभं राहून म्हणून दाखवा.)

माझा खरा राग आहे तो "ईसीजी नॉर्मल आला, काही नाही" या समजुतीवर. साधा ईसीजी म्हणजे जेमतेम 10 सेकंदांची नोंद. धडधड सकाळी झाली, तुम्ही दुपारच्या एसटीनं शहरात पोचलात, तोवर ठोके जागेवर आलेले. तो कागद दुपारचं सांगतो, सकाळचं नाही. म्हणून धडधड चालू असतानाच जवळ जिथं होईल तिथं ईसीजी काढून घ्या. वरचेवर होत असेल तर डॉक्टरांना होल्टरचं विचारा, ठोके नोंदवणारं ते मशीन 24 तास किंवा जास्त वेळ अंगावर राहतं.

तोवर मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा आणि लिहून ठेवा. निवांत बसल्यावर 60 ते 100 ठीक. मध्येच एखादा ठोका चुकून पुढचा जोरात बसला, तर निरोगी हृदयात ते बहुधा निरुपद्रवी असतं. बटण दाबल्यागत एकदम सुरू होऊन 150-200 वर गेली आणि तशीच एकदम थांबली, तर हृदयातल्या विजेच्या वाटेत दोष असू शकतो; त्यावर चांगला इलाज आहे. वयस्कर माणसाची नाडी कशाही तालात पळत असेल तर गुठळी होऊन लकवा मारायची भीती असते, तिथं चालढकल नको.

धडधडीसोबत चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, दम लागणं, पळताना किंवा ओझं उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर 108 लावा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर साध्या धडधडीलाही दाखवून घ्या आणि डॉक्टरांना ते आधी सांगा. गॅसची गोळी घ्यायला माझ्याकडं येऊ नका. सलाईन लावून "ताकद" भरायलाही कुठं जाऊ नका.